दिव्यांची पट्टी आणि चुकलेला खण

गेल्या दहाबारा वर्षांत गणेशोत्सवाच्या कमानींवर एक नवी दिव्यांची माळ दिसू लागली आहे. माळ तरी कसली, बोटभर रुंदीची लवचीक पट्टीच ती. तिच्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे चौकोनी दिवे ओळीने बसविलेले असतात. जुन्या माळेतले दिवे एकदम लागत आणि एकदम विझत. फार झाले तर एकाआड एक. या पट्टीत मात्र साठांपैकी एकच दिवा हिरवा होतो, शेजारचा तांबडा राहतो, तिसरा काळाच असतो, आणि पाहता पाहता तो हिरवा रंग पळत दुसऱ्या टोकाला जातो. पट्टीला तारा किती म्हणून पाहावे तर अवघ्या तीन! दोन विजेच्या आणि एक निरोपाची. साठ दिव्यांना साठ निराळे निरोप एकाच तारेवरून कसे पोचतात, हा प्रश्न कमानीखाली उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलाला पडतो. आम्हांला तो पन्नाशी उलटल्यावर पडला, आणि तोही कमानीखाली नव्हे, तर महाळुंग्याच्या एका कारखान्यात, एका बाईच्या हातातल्या मेमोमुळे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेतल्या व्यासपीठावर युनियनच्या माणसाने विजेच्या दिव्यांविषयी बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. आमचे शिक्षण दहावी आणि त्यानंतर आयटीआयचे फिटरकाम, एवढेच. पुढचे जे काही आहे ते रात्रपाळीनंतर शब्दकोश शेजारी घेऊन वाचलेले. तेव्हा विद्वानांनी या लेखात विद्वत्ता शोधू नये. मात्र ज्या गोष्टीवरून माणसाची रोजी जाऊ शकते ती गोष्ट मुळापासून समजून घ्यावयाची, ही सवय चळवळीने आम्हांला लावली आहे आणि ती आता सुटणे नाही.

प्रसंग असा. महाळुंग्याच्या औद्योगिक भागात मोटारींचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी एकात किटिंगचा विभाग आहे. किटिंग म्हणजे काय, तर जोडणीच्या लाइनवर ज्या गाडीला जे भाग लागतील ते आधीच वेचून ट्रॉलीत भरावयाचे. रॅकमध्ये साठ खण, प्रत्येक खणात निराळ्या जातीचा भाग. दिसायला मात्र एकसारखे. दोन क्लिपांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. पूर्वी कागदावरचा क्रमांक वाचून भाग घेत. नंतर मालकांनी सोय केली. बाईने ट्रॉलीवरचा बारकोड स्कॅन केला की ज्या खणात हात घालावयाचा त्याच्यावरचा दिवा हिरवा होतो. वाचावयास नको, आठवावयास नको. हिरवे दिसले की घ्या. साठ खणांवर साठ दिव्यांची एक पट्टी, आणि ती चालविणारा पत्त्यांच्या कॅटाएवढा एक संगणक.

एके दिवशी एका ट्रॉलीत ४१ क्रमांकाच्या खणाऐवजी ११ क्रमांकाच्या खणातला भाग निघाला. जोडणीच्या लाइनवर तो बसेना, लाइन थांबली. संगणकाची नोंद काढली तर तिच्यात स्वच्छ लिहिलेले : खण ४१, दिवा लावला. मग दोष कोणाचा? बाईचा. ती कंत्राटी कामगार, आठ महिन्यांची नोकरी. असे दुसऱ्यांदा झाले तेव्हा तिला मेमो मिळाला. तिसऱ्यांदा झाले असते तर गेटपास परत मागितला असता. ती आमच्याकडे आली आणि एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत राहिली, "अण्णा, दिवा अकराचाच लागला होता." सुपरवायझर म्हणे, संगणक खोटे बोलत नाही. आम्हीही मनातून थोडे डळमळलो होतो, हे कबूल केले पाहिजे. तीसबत्तीस वर्षे कामगारांची बाजू मांडूनही यंत्राच्या छापील नोंदीपुढे माणसाचा शब्द कमी भरतो, ही सवय आमच्याही अंगात मुरलेली आहे.

आता त्या पट्टीकडे वळू.

या पट्ट्यांत सर्वांत अधिक चालणाऱ्या दिव्याचे नाव डब्ल्यूएस २८१२बी. चीनमधल्या वर्ल्डसेमी या कंपनीचा तो माल. पाच मिलिमीटरच्या चौकोनात तीन बारीक दिवे असतात : तांबडा, हिरवा आणि निळा. तांबडा व हिरवा जुने. निळा मात्र फार उशिरा साधला. १९९० नंतरच्या काळात जपानी शास्त्रज्ञांनी तो उपयोगात आणण्याजोगा केला आणि त्यासाठी २०१४ साली अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. तीन रंग कमीअधिक मिसळले की बाकीचे सगळे रंग तयार होतात. पण त्या चौकोनात चौथीही एक वस्तू असते, आणि खरी गंमत तिचीच आहे. ती म्हणजे तिळाहून लहान अशी एक चिप. दिव्याच्या पोटातला हा कारकून म्हणा.

या कारकुनाला येणारा निरोप चोवीस अंकांचा असतो. प्रत्येक अंक शून्य किंवा एक. पहिले आठ हिरव्यासाठी, पुढचे आठ तांबड्यासाठी, शेवटचे आठ निळ्यासाठी. आता साठ दिव्यांसाठी चोवीस चोवीसांचे साठ गठ्ठे एकामागोमाग एक तारेवरून निघतात. पहिला दिवा काय करतो? आपल्याकडे आलेला पहिला गठ्ठा स्वतःसाठी ठेवून घेतो आणि त्यानंतर जे येईल ते जसेच्या तसे पुढच्या दिव्याकडे ढकलतो. दुसऱ्याच्या दृष्टीने आता येणारा गठ्ठाच पहिला. तो तेवढा ठेवून बाकीचे तिसऱ्याकडे. चाळीच्या पहिल्या खोलीत पत्रांची थप्पी द्यावी, तिने वरचे पत्र काढून घेऊन थप्पी शेजारच्या खोलीत सरकवावी, तसे हे चालते.

या पट्टीला इंग्रजीत 'अॅड्रेसेबल' म्हणतात, म्हणजे पत्ता असलेली. आम्हांला हा शब्द फसवा वाटतो. एकाही पत्रावर पत्ता नाही! एकेचाळिसाव्या दिव्याला आपण एकेचाळिसावे आहोत हे ठाऊकच नसते. चाळीस पत्रे दुसऱ्यांनी घेतली म्हणून एकेचाळिसावे त्याच्या वाट्याला आले, इतकेच. पत्ता म्हणजे येथे केवळ रांगेतला क्रम. रांगेत कोणी मध्येच "पहिल्यापासून" अशी आरोळी दिली तर काय होईल, ते ज्याने रेशनच्या दुकानासमोर उभे राहून पाहिले आहे त्याला सांगावयास नको.

ही आरोळी पट्टीला कोण देतो? शांतता देते. तार ठराविक काळ गप्प राहिली की दिवे समजतात, निरोप संपला. आता आलेला रंग दाखवावयाचा, आणि यापुढे जे येईल ते पुन्हा पहिल्या दिव्यापासून मोजावयाचे. ही शांतता किती? या दिव्याच्या जुन्या माहितीपत्रकाप्रमाणे ५० मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतकी. पुढे निघालेल्या मालात ती २८० च्या पुढे नेली आहे.

शून्य आणि एक यांतला भेदही काळाचाच आहे. तारेवर वीज चढते आणि उतरते. ०.४ मायक्रोसेकंद चढून राहिली तर शून्य, ०.८ राहिली तर एक. चढउतार मिळून एका अंकाला १.२५ मायक्रोसेकंद. चूक किती खपते, तर ०.१५ मायक्रोसेकंद इकडे किंवा तिकडे. एका दिव्याचा निरोप ३० मायक्रोसेकंदांत संपतो, साठ दिव्यांचा १.८ मिलिसेकंदांत. डोळ्याला हे एकदमच झाल्यासारखे दिसते. पण त्या अठराशे मायक्रोसेकंदांत पाठविणाऱ्याचा हात एकदाही थबकता कामा नये, ही अट आहे. पट्टी त्याला "थांब, समजले नाही" असे म्हणू शकत नाही. तिला तोंडच नाही. फक्त कान आहेत.

येथे एक कोडे उभे राहते. कमानीवरच्या पट्टीला जो डबीएवढा स्वस्त कंट्रोलर लावतात तो हे काम वर्षानुवर्षे बिनचूक करतो. मग त्याच्या कितीतरी पट किमतीचा, त्याहून कितीतरी चपळ संगणक ते का चुकवतो? आम्हांला हे समजावून दिले ते आमच्या एका सभासदाच्या मुलाने. तो पॉलिटेक्निकला आहे. तो म्हणाला, "काका, त्या डबीला दुसरे कामच नाही."

एका बोर्डावर सबंध संगणक मावविण्याची कल्पना जुनी आहे. पण ती सामान्यांच्या हाती आली ती २०१२ सालापासून, इंग्लंडमधल्या केंब्रिज येथून निघालेल्या रास्पबेरी पाय या बोर्डामुळे. मुलांनी प्रोग्रॅम लिहावयास शिकावे हा मूळ हेतू. कारखान्यांनी तो उचलला, कारण स्वस्त. त्यावर लिनक्स चालते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सला आरंभ केला आणि पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढविले. त्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो व बदलता येतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती आमच्या कामास आली.

लिनक्सचा स्वभाव पोस्टातल्या एकुलत्या एक कारकुनासारखा आहे. एक खिडकी तिकिटांची, एक मनीऑर्डरीची, एक रजिस्टरची, आणि हा सगळीकडे इतक्या चपळाईने फिरतो की प्रत्येक गिऱ्हाइकाला तो आपल्यापुढेच बसला आहे असे वाटते. आता त्याच कारकुनाकडे तारयंत्रही दिले आहे अशी कल्पना करा. (आपल्या देशातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली; पण कट्ट कट्ट आवाज ऐकलेले लोक येथे पुष्कळ असतील.) तार ठोकता ठोकता कोणी खिडकीवर हाक मारली की हा उठून जातो आणि दुसऱ्या क्षणी परत येतो. त्याच्या हिशेबाने क्षणच. तारेच्या हिशेबाने युग. संगणकाच्या भाषेत या हाकेला इंटरप्ट म्हणतात. नेटवर्कवरून काही आले, कळीचा खटका दाबला गेला, मेमरी कार्डाचे लिहून झाले, की प्रत्येक वेळी हाक येते आणि हातातले काम टाकून तिकडे पाहावे लागते.

म्हणजे बोर्डाला पट्टीचा 'सपोर्ट' द्यावयाचा, असे जे प्रोग्रॅमर म्हणतात, त्यातले खरे काम रंगांचे नाही. रंग ठरविणे चार ओळींचे काम आहे. ज्याला सतत हाका येतात त्याच्याकडून अखंड ताल कसा धरवून घ्यावयाचा, हे खरे काम.

त्या कारखान्याला रॅक पुरविणाऱ्याच्या प्रोग्रॅमरने एक तोड काढली होती. प्रत्येक दिव्याचे चोवीस अंक पाठविताना तो ३० मायक्रोसेकंद कान बंद करी, म्हणजे हाका अडवून ठेवी. एक दिवा झाला की कान उघडी, साचलेल्या हाकांना ओ देई, आणि मग पुढचा दिवा. वरवर पाहता शहाणपणाची गोष्ट. एका दिव्याच्या आत ताल कधीच बिघडत नसे, म्हणून रंग नेहमी शुद्ध येत. पण दोन दिव्यांच्या मध्ये जी हाक येई तिला ओ देण्यास ५० मायक्रोसेकंदांहून अधिक वेळ लागला तर? पट्टीच्या दृष्टीने निरोप संपला. समजा, तिसाव्या दिव्यानंतर असे झाले. एकतिसाव्यासाठी असलेले पत्र पहिल्याने घेतले, बत्तिसाव्याचे दुसऱ्याने, आणि एकेचाळिसाव्याचे हिरवे पत्र पडले अकराव्याच्या दारात. ४१ काळा, ११ हिरवा. रंग शुद्ध, जागा खोटी. दर स्कॅनला हा निरोप एकदाच पाठविला जाई, म्हणून पुढच्या स्कॅनपर्यंत तो खोटा दिवा शांतपणे तेवत राही.

आणि नोंद? संगणकाने आपल्यापुरते एकेचाळिसावे पत्र पाठविले होते. त्याने तसे लिहून ठेवले. तो खोटे बोलला नाही. त्याला विचारलेच गेले नव्हते की ते पोचले कोठे.

त्या मुलाने हजार रुपयांच्या आतले एक लहानसे उपकरण आणले. लॉजिक अॅनालायझर म्हणतात त्याला. तारेवरचे चढउतार ते काळासह टिपून घेते. व्यवस्थापनाने एका संध्याकाळची परवानगी दिली. दिली हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. बाई म्हणाली होती, "शिफ्ट सुटताना दिवा उडी मारतो, एरवी नाही." इंजिनिअर हसले होते. पण शिफ्ट सुटताना सगळ्या विभागांच्या नोंदी एकदम नेटवर्कवरून जातात, म्हणजे हाकांची गर्दी तेव्हाच असते. आम्ही दुपारी दोनपासून उभे होतो. साडेतीनच्या सुमारास पट्टीवर पहिली उडी झाली आणि पडद्यावर दोन गठ्ठ्यांच्या मध्ये ती फट स्पष्ट दिसली, सत्तर मायक्रोसेकंदांच्या वर. हसणारे इंजिनिअर खुर्ची ओढून बसले. त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी तो प्रोग्रॅम वाचलेलाच नव्हता. पुरवठादाराने दिला, यांनी लावला. मात्र लिनक्सला जोडलेला तो भाग वाचण्यासाठी मागता येतो हे मुलाला ठाऊक होते. तो मागविला, आणि त्यात कान उघडझाप करण्याची ती ओळ सापडली.

आता खरा उपाय कोणता? एकच नाही, आणि प्रत्येकाची काही किंमत आहे.

इचलकरंजीच्या मागावर नक्षीचे कापड विणताना जॅकार्डचे पत्ते लावतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. नक्षी आधीच पुठ्ठ्यांना भोके पाडून तयार ठेवलेली. माग आपल्या तालात एकेक पत्ता वाचीत जातो, विणकराला प्रत्येक धाग्यावर नजर ठेवावी लागत नाही. तसेच येथे करावयाचे. तारेची सगळी चढउतार आधी मेमरीत लिहून ठेवावयाची, आणि ती बाहेर काढण्याचे काम मुख्य प्रोसेसरकडे न देता बोर्डावरच असलेल्या एका हमालाकडे द्यावयाचे. या हमालाला डीएमए म्हणतात. त्याला हाका येत नाहीत. मेमरीतून उचलावयाचे आणि पुढे टाकावयाचे, एवढेच त्याचे जन्मभराचे काम. रास्पबेरी पायसाठी जेरेमी गार्फ याने लिहिलेली व सर्वांसाठी खुली ठेवलेली लायब्ररी मुख्यतः याच वाटेने जाते. पण तो हमाल जो माल टाकतो तो पीडब्ल्यूएम नावाच्या यंत्रणेत, आणि त्या बोर्डांवर आवाजही तिच्यातूनच निघतो. पट्टी चालवावयाची तर गाणे बंद ठेवावे लागते! दुसरे असे की हमाल अनेक आहेत आणि काहींना आधीच कामे लावलेली आहेत. पाय ३ या बोर्डावर पाच क्रमांकाचा हमाल दिव्यांसाठी घेतला तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडतो, असा इशारा खुद्द त्या लायब्ररीच्या माहितीत दिलेला आहे. दुसऱ्याच्या कामावरचा माणूस न विचारता उचलला की काय होते, याचे इतके चोख उदाहरण आम्हांला युनियनच्या कामातही क्वचितच मिळाले.

दुसरी वाट एसपीआय नावाच्या जोडणीची. ती मुळात दिव्यांसाठी नव्हेच. चिपांनी आपापसांत बोलण्यासाठी आहे. तिचा ताल पक्का असतो. युक्ती अशी की दिव्याच्या एका अंकासाठी तीन अंक पाठवावयाचे : एकासाठी एक-एक-शून्य, शून्यासाठी एक-शून्य-शून्य. सेकंदाला २४ लाख अंकांच्या वेगाने ते गेले की दिव्याला हवी तीच चढउतार तारेवर उमटते. एका दिव्याला ७२ अंक, म्हणजे ९ बाइट. लिनक्समध्ये या वाटेवर एका वेळचे पोते ठरलेले आहे, न बदलल्यास ४०९६ बाइटांचे. त्यात ४५५ दिवे मावतात. त्याहून लांब पट्टी असेल आणि प्रोग्रॅमरने पोते मोठे न करता दोन खेपा केल्या, तर दोन खेपांच्या मध्ये पुन्हा तीच शांतता आणि पुन्हा तोच रोग. शिवाय काही बोर्डांवर या तालाचे घड्याळ बोर्डाच्या गाभ्याच्या वेगावर अवलंबून असते. गाभा ऊन झाला किंवा झोपेला आला की वेग बदलतो. म्हणून तो वेग एका ठिकाणी खिळवून ठेवावा लागतो.

ज्यांना हा घोळच नको ते एपीए१०२ जातीची पट्टी घेतात. तिला तालासाठी स्वतंत्र तार असते. पाठविणारा थबकला की तालही थबकतो, दिवे वाट पाहतात. एक तार वाढली आणि दिवा थोडा महागला, एवढाच खर्च. एक तार वाचविण्यासाठी केवढा खटाटोप उभा राहिला, हे पाहून आम्हांला कारखान्यांतल्या इतर काही काटकसरी आठवतात. पण तो विषय निराळा.

या सगळ्यांत बोर्ड बदलला की काम पुन्हा नव्याने करावे लागते. याचे कारण समजण्यास आमच्या खेड तालुक्यातल्या माणसाला अडचण पडू नये. प्रत्येक बोर्डाचा एक सातबारा असतो. त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. कोणती यंत्रणा कोणत्या गटनंबरावर आहे, तिची वाट कोठून जाते, ती कोणाच्या वहिवाटीत आहे, हे सगळे त्यात लिहिलेले. आणि लिनक्स सुरू होताना तो उतारा आधी वाचते. पट्टी जोडावयाची म्हणजे त्या उताऱ्यावर फेरफार घालावयाचा : अमुक पिन आजपासून दिव्यांच्या नावे. त्याला ओव्हरले म्हणतात. २०२३ साली रास्पबेरी पाय ५ निघाला. त्यात बाहेरच्या चाळीस पिना मुख्य चिपवरून काढून आरपी१ नावाच्या निराळ्या चिपकडे दिल्या. जुन्या लायब्ररीला जुनेच गटनंबर पाठ होते. ती तेथे जाऊन दार ठोठावी, पण आत कोणीच राहत नव्हते. दुकानांतून, घरांतून, शाळांतून चाललेल्या पट्ट्या नव्या बोर्डावर पेटेनात. आरपी१ च्या पोटात पीआयओ नावाची लहान स्वतंत्र यंत्रे आहेत. तीच यंत्रे २०२१ च्या पिको या स्वस्त चिपबोर्डात आली होती आणि असल्या पट्ट्यांचा ताल धरण्यात ती फार पटाईत आहेत. पुढे त्यांच्या आधारे नव्या बोर्डावरही वाट झाली. पण मधल्या काळात अनेकांनी पिकोच विकत घेऊन मोठ्या संगणकाच्या शेजारी बसविला. विचार करणारा एक, ताल धरणारा दुसरा. आम्हांला ही विभागणी सर्वांत प्रामाणिक वाटते.

लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत, २०२४ साली, तातडीच्या कामाला तत्काळ ओ देण्याची सोय मुख्य प्रवाहात आली. त्यामुळे प्रश्न मिटला असे काहींना वाटते. तसे नाही. त्या सोयीने उशीर आटोक्यात येतो, पण तो मायक्रोसेकंदांच्या दहाकांत मोजावा असाच राहतो. दिव्याला हवी असलेली अचूकता त्याच्या कितीतरी खालची आहे.

विजेचे दोन शब्द. एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. मीटरला साठ दिव्यांची पाच मीटर पट्टी म्हणजे तीनशे दिवे, १८ अँपिअर. एवढा भार बोर्डातून घेण्याचा मोह धरू नये. निराळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा. शिवाय हे बोर्ड निरोप ३.३ व्होल्टने देतात, आणि पाच व्होल्टवरच्या दिव्याला माहितीपत्रकाप्रमाणे निदान ३.५ लागतात. पुष्कळदा तरीही चालते. पण टेबलावर चालले आणि लांब तारेवर, मोटारींच्या शेजारी, अडले, असा जो अनुभव येतो त्याचे मूळ बहुधा येथेच असते. मध्ये व्होल्ट चढविणारी एक स्वस्त चिप बसविली की झाले.

त्या रॅकचे पुढे काय झाले ते सांगतो. पुरवठादाराने एसपीआयची वाट धरली. साठ दिव्यांचे ५४० बाइट, एकाच खेपेत जाणारे. शिफ्ट सुटतानाच्या उड्या थांबल्या. व्यवस्थापनाच्या दृष्टीने विषय संपला होता. आमच्या दृष्टीने नव्हता. उद्या सॉफ्टवेअर बदलेल, बोर्ड बदलेल, नवा प्रोग्रॅमर येईल, आणि पुन्हा कोणाच्या तरी हातात मेमो पडेल. कारण नोंद अजूनही "पाठविले" एवढेच लिहीत होती आणि ते "पोचले" म्हणून वाचले जात होते.

टोयोटाच्या कारखान्यांतल्या अँडनविषयी आम्ही वाचले होते. अँडन म्हणजे जपानी कागदी कंदील. लाइनवर काही बिघडले की कामगार दोरी ओढतो आणि वरचा दिवा लागतो. त्या विचाराचे मूळ साकिची टोयोडाच्या मागात सांगतात. १९२४ चा त्याचा स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबे. त्या दिव्याची दोरी कामगाराच्या हाती होती. आमच्या रॅकवरचा दिवा उलट्या दिशेने बोलतो. तो कामगाराला सांगतो, आणि कामगाराचे ऐकण्यास त्याच्यापाशी तार नाही.

तार देता येते, हे त्या मुलानेच दाखविले. शेवटच्या, साठाव्या दिव्यालाही पुढे ढकलण्याची जागा असते; तेथे पुढचा दिवा नाही म्हणून ती मोकळीच पडलेली. साठ दिव्यांना एकसष्ट पत्रे पाठवावयाची. ओघ अखंड गेला तर एकसष्टावे पत्र शेवटच्या टोकातून बाहेर पडलेच पाहिजे. ते परतीच्या तारेने बोर्डाकडे आणावयाचे. मध्ये खंड पडला, तर उरलेली पत्रे पुढच्या दिव्यांतच जिरतात आणि टोकाशी काहीच येत नाही. मग संगणकाने लिहावयाचे : पाठविले, पोचले नाही, पुन्हा पाठवितो. हिरवा दिवा आतून जळाला असेल तर मात्र हे कळत नाही. कारकून पत्र पुढे देतो, पण त्याच्या स्वतःच्या खोलीत उजेड नसतो. तेवढी उणीव राहते, आणि ती आम्ही बोलण्यांच्या वेळी लपविली नाही.

आमची मागणी दोन ओळींची होती. परतीची तार बसवावी, आणि नोंदीत "पाठविले" व "पोचले" असे दोन रकाने असावेत. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या ट्रॉलीवरून कोणालाही मेमो देऊ नये. चार बैठका झाल्या. पहिल्या दोनांत आम्हांला विचारण्यात आले की तारांशी युनियनचा काय संबंध. तिसऱ्या बैठकीत आम्ही तो पडद्यावरचा सत्तर मायक्रोसेकंदांचा छाप टेबलावर ठेवला.

बाईचा मेमो मागे घेतला गेला. चार रॅकांपैकी तिन्हींवर परतीची तार बसली आहे. चौथा रॅक दुसऱ्या पुरवठादाराचा. त्याचा प्रोग्रॅम बंद डबीत आहे आणि तो वाचावयास देण्यास त्याची तयारी नाही. त्या रॅकवरच्या बायका सध्या हिरवा दिवा पाहतात, मग खणावरचा छापील क्रमांक ट्रॉलीच्या कागदाशी ताडून पाहतात, आणि मगच हात घालतात. त्याला दर भागामागे दोन सेकंद अधिक लागतात. ते दोन सेकंद नॉर्ममध्ये धरावयाचे की नाही, यावर बोलणी चालू आहेत.